निरोगी जनावरांचा तक्ता

गंगेच्या पोटी हंसी, हंसीच्या पोटी रेवा आणि रेवेच्या पोटी धवळी. माझ्या सासरच्या घराण्याची वंशावळ भाटाच्या वहीत सापडेल. ह्या चार गायींची केवळ माझ्या स्मरणात आहे, आणि माझ्यामागे ती सांगणारे कोणी उरणार नाही. गंगा माझ्या लग्नात आर्वीकडून माझ्या मागोमाग चालत आली. बैलगाडीत मी, गाडीमागे ती. तिच्या शिंगांना हळद लावलेली होती आणि माझ्या कपाळाला. अस्सल गवळाऊ जातीचे रक्त होते ते. पांढरी, उंच, अरुंद तोंडाची, पाणीदार डोळ्यांची. चार वर्षांपूर्वी सरकारने मालगुजारी काढून घेतली, गावची उठबस गेली, कचेरीतली खुर्ची गेली, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर मला वर्ध्यात मुलाच्या घरी येऊन राहावे लागले. पण कारंज्याजवळच्या गावी बावीस गुरांची दावण अजून माझ्या नावाने ओळखली जात होती. वर्ध्याच्या ह्या सिमेंटच्या घरात, जिथे सकाळी नळ खोकतो आणि दुपारी शेजारचा रेडिओ बोलतो, तिथे मी उगाच उठून बसे आणि मनात एकेका गायीच्या पाठीवरून हात फिरवी. मी, अन्नपूर्णाबाई, म्हणजे कोण, ह्याचे माझ्यापाशी तेवढेच उत्तर शिल्लक होते.

त्या रक्ताची कीर्ती ऐकूनच डॉक्टर मधुकरराव प्रथम आले. सरकारी योजनेतले पशुवैद्य. सडपातळ, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला, बोलताना पायांकडे पाहणारे. ते म्हणाले, "बाईसाहेब, मला आजारी जनावर नको आहे. निरोगी हवे आहे. निरोगी गायीच्या रक्तात चुना किती, स्फुरद किती, तांबे किती, जीवनसत्त्वे किती, हेच आपल्या भागात कोणी मोजलेले नाही. मग आजारी गाय ताडायची तरी कशाशी?" हे बोलणे मला आवडले. निरोगी जनावर शोधत हा मनुष्य जिल्हाभर फिरला आणि माझ्या दावणीपाशी येऊन थांबला, ह्यात जे काही होते ते मी मुकाट्याने स्वीकारले. कार्तिकात मी त्यांच्यासोबत गावी गेले, तेव्हा त्यांनी धवळीच्या मानेची शीर अंगठ्याने दाबून फुगवली, जाड सुई टोचली, आणि काचेच्या नळीत रक्त भरू लागले. धवळीने एक कान तेवढा हलवला. नळ्या सावलीत उभ्या ठेवल्या. घटकाभराने रक्त खाली बसले आणि त्याच्यावर एक पिवळे पाणी तरंगू लागले, कढवलेल्या लोण्याच्या पहिल्या धारेसारखे. वैशाखात आम्ही पुन्हा गावी गेलो. तीच धवळी, तीच कांती, माप घेतले तर छातीचा घेरही तोच. परंतु ह्या खेपेस रक्तावर चढलेले पाणी तांदळाच्या धुवणासारखे निस्तेज होते. डॉक्टरांनी नळी उन्हाकडे धरली आणि वहीत काही टिपले. काय ते मी विचारले नाही. वरून जिथे काही दिसत नाही तिथे विचारू नये, अशी माझी जन्माची रीत होती.

ज्येष्ठातल्या एका सकाळी ते कागद घेऊन वर्ध्याच्या घरी आले. मी व्हरांड्यात सुपारी कातरीत होते. छापील तक्त्यातले एकेक घर ते भरीत चालले. वय, वेत, चारा, पाणी. मग त्यांनी पान उलटले.

"एवढा एकच रकाना राहिला आहे, बाईसाहेब. आपल्या गोठ्यात आजवर कधी आंधळे वासरू जन्मले होते का?"

"नाही," मी म्हणाले.

अडकित्ता थांबलादेखील नाही. त्यांनी 'नाही' लिहिले, आणि ते अक्षर मी उलट्या बाजूने वाचले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी बोलले नाही. पण विचारले असता खोटे सांगितले, असे मला स्वतःला आठवत नव्हते. आणि तो शब्द तर इतका सहज आला, जणू जिभेखाली कित्येक वर्षे तयार ठेवला होता. मी विचारले, "हे कशासाठी?" ते म्हणाले, "हिरवा चारा फार दिवस मिळाला नाही की 'अ' जीवनसत्त्व रक्तातून उतरत जाते. गाय वरून धडधाकट दिसते. सरकीची ढेप खाते, दूधही देते. परंतु गाभण असेल तर पोटातल्या वासराची दृष्टी जाते. माणसाला रातांधळे होते, तेही ह्याच उणिवेने. आपल्या वैशाखातल्या गायी त्या काठावर आहेत. एखादे वर्ष पाऊस गेला की पलीकडे जातील."

"आंधळेपण पाहून ते कशाने आले हे कळते का?"

"कळते. इजा झालेला डोळा गळतो, सुजतो, त्यावर पांढरे फूल पडते. उणिवेने गेलेला डोळा स्वच्छ राहतो. बाहुली मोठी होते इतकेच. नुसते पाहणाऱ्याला तो जास्तच सुंदर वाटतो."

ते गेले. सुपारीचे खांड माझ्या मुठीत राहिले होते आणि त्याच्या धारेने तळव्याला रेघ पडली होती. जास्तच सुंदर. हंसीच्या त्या गोऱ्ह्याचे डोळे मी माझ्या दोन्ही हातांत धरून पाहिले होते. काळेभोर, ओले, आत खोल निळसर झाक. मी इतका देखणा डोळा कोणत्याही जनावराला पाहिला नव्हता, आणि सोळा वर्षांनी, नळाच्या खोकण्यात, मला कळत होते की मी त्या वेळी काय पाहत होते.

सोळा वर्षांपूर्वी लागोपाठ दोन पावसाळे आमच्या रानावरून नुसते वारा होऊन गेले. गवताची काडी नव्हती. मी गायींना कडबा, कुटार आणि ढेप घालून जगवले. रोज पाण्याने पुसून, तेलाचा हात फिरवून त्यांची कांती राखली. येणारे जाणारे म्हणत, दुष्काळ मालगुजारिणीच्या गोठ्यात शिरला नाही. आमचा गुराखी तानबा गोवारी. तीन पिढ्या त्याच्या घरच्यांनी आमची गुरे राखलेली. त्याची बायको सीताबाई शेण काढी. त्या वर्षी ती दिवेलागणीनंतर भिंत चाचपीत चालू लागली. तानबा मागल्या दाराशी येऊन म्हणाला होता, "बाईसाहेब, घरवालीले सांजेपासून दिसत नाई जी. थोडं लोनी भेटलं असतं त..." मी म्हणाले होते, "गाभण गायींचे दूध आटले आहे, आणि तुला लोणी सुचते." तो गेला. ह्या दोन वाक्यांपैकी मला माझे वाक्य नेमके आठवते, हे विशेष आहे. मग हंसी व्यायली. गोऱ्हा. त्या वर्षीच्या जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी, पुढे वळू म्हणून, त्याच्या जन्माआधीच त्याचा शब्द दिला गेला होता. प्रदर्शनाची मंडळी आठव्या दिवशी पाहायला आली. तानबाने वासरू सोडले. ते चार पावले डौलात चालले आणि दगडी गव्हाणीवर जाऊन आदळले. उठले, पुन्हा आदळले. तानबा खालच्या आवाजात म्हणाला, "म्या सांगनारच होतो जी. याले दिसत नाई." पाहुण्यांपैकी एकजण फेटा सावरीत म्हणाला, "रक्तातच खोट दिसते, बाईसाहेब."

त्या क्षणाचे मी आजवर अनेक वेळा अनेक प्रकारे स्मरण केले आहे, आणि प्रत्येक वेळी स्वतःला थोडी सूट दिली आहे. ऊन होते. अपमान होता. पती जाऊन वर्ष झाले नव्हते, आणि बाईमाणसाच्या हातात गोठा टिकत नाही असे म्हणणारे तिथेच उभे होते. हे सारे खरे आहे. पण मी वाकले, वासराचे तोंड दोन्ही हातांत धरले, त्या स्वच्छ डोळ्यांत पाहिले, आणि ताठ होऊन म्हणाले, "रक्तात खोट नाही. गुराख्याच्या हातात आहे. लोणी दिले नाही म्हणून ह्याने वासराच्या डोळ्यांत रुईचा चीक घातला." रुईच्या चिकाने डोळा कसा होतो हे मला ठाऊक होते. माझ्या माहेरी एका शेळीला झाले होते; डोळा उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा झाला होता. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असणार. परंतु मालकिणीने म्हटल्यावर कोणी वाकून पाहत नाही. वासरू पंधरा दिवसांत गेले, आणि मग तानबावर गोहत्येचे पाप आले.

गोवाऱ्यांच्या पंचांनी त्याला जुने प्रायश्चित्त दिले. गळ्यात गायीचे दावे बांधायचे, तोंडात गवताची काडी धरायची, आणि पाच गावे भीक मागत हिंडायचे. बोलायचे नाही, दारापुढे उभे राहून हंबरायचे. पाच दिवसांनी परत यावे, ज्याची गाय त्या मालकाने आपल्या हाताने दावे सोडावे, आणि मग पंचांनी त्याच्या हातचे पाणी प्यावे. पाप फिटले, माणूस जातीत आला. पाचव्या दिवशी तानबा माझ्या दाराशी येऊन हंबरला. मी माजघरात होते. तो आवाज माणसाचा राहिलेला नव्हता. मी बाहेर गेले नाही. तो संध्याकाळपर्यंत उभा होता असे मागाहून कळले; मग सीताबाईने चाचपडत त्याचे दावे सोडले. बायकोने सोडलेले दावे पंच मानत नाहीत. त्याच्या हातचे पाणी कोणी घेतले नाही, त्याच्या ताब्यात कोणी गुरू दिले नाही. दिवाळीच्या गायगोधनाला, गुरांच्या पूजेच्या मिरवणुकीत, त्याच्या वडिलांनी, आजोबांनी उचललेली ढाल, गोवाऱ्यांची ती सजवलेली मानाची काठी, दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. पुढच्या वर्षी ती दोघे गाव सोडून गेली.

मी बाहेर का गेले नाही, ह्याचे कारण मी आजपर्यंत राग असे ठेवले होते. ज्येष्ठाच्या त्या दुपारी, व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर, ते कारण माझ्या हातातून निसटले आणि त्याच्या खालचे दिसू लागले. तानबा हंबरत हिंडत होता त्या पाच दिवसांतल्या तिसऱ्या पहाटे रेवा व्यायली. पहिलटकरीण. कालवड झाली. तानबा चार कोसांवर होता, त्याचे हात गोठ्यापर्यंत पोचत नव्हते. मी कालवडीच्या डोळ्यांपुढे माझा किल्ल्यांचा जुडगा नेला. किल्ल्या वाजल्या तेव्हा तिने कान टवकारले, न वाजवता फिरवल्या तेव्हा डोळा लवला नाही. तोच डोळा. तोच निळसर अंधार. मी गाडीवानाला बोलावले, कालवडीवर गोणपाट घातले, अशक्त आहे म्हणून सांगितले, आणि तिला दूरच्या गोरक्षण संस्थेत पोचवायला लावले. रेवा दोन दिवस ओरडत होती. तिसऱ्या दिवशी तानबा माझ्या दाराशी ओरडला. हे दोन आवाज मी इतक्या वर्षांत कधी शेजारी शेजारी ठेवले नव्हते.

मला त्यानंतर काही दिवस जेवण गेले नाही. मुलगा पुंडलिकराव वकील आहे. त्याला वाटले, उन्हाचा त्रास. मी त्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ पानाचा डबा उघडमीट करीत राहिला. "आई, सोळा वर्षांनंतर हे उकरून काय साधणार? मालगुजारी गेली. उरलीसुरली अब्रू तेवढी आहे."

"मालगुजारी सरकारने घेतली," मी म्हणाले. "अब्रू मी स्वतःच गोणपाटाखाली घालून पाठवून दिली. तू नुसते माझ्यासाठी मोटारीचे तिकीट काढ."

सर्वप्रथम डॉक्टरांना पत्र लिहिले: शेवटच्या रकान्यात 'नाही' खोडून 'दोन' लिहावे. त्यांचे उत्तर आले; नम्र, आनंदित. ह्या माहितीमुळे तक्त्याला मोठे मोल आले, असे त्यांनी लिहिले होते. निरोगी म्हणून गणलेल्या गायींच्या रक्ताचे आकडे त्यांनी सोबत पाठवले होते. चुना पुरेसा. तांबे पुरेसे. स्फुरद किंचित उणे. 'अ' जीवनसत्त्व वैशाखात कार्तिकाच्या निम्म्याहून खाली. मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि मला जे जाणवले ते लज्जास्पद होते: सुटका. कागद म्हणत होता की दोष तानबाचा नव्हता. पण तोच कागद असेही म्हणत होता की दोष माझाही नव्हता. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट होती. शिकलेल्या माणसांनाही आता आता कळली. अडाणी काळातली एक सर्वांची चूक. हा कागद घेऊन मी ताठ मानेने तानबापुढे उभी राहू शकत होते. आणि मी तशीच गेले.

तपास केल्यावर कळले, तो जाम ह्या गावी होता. दोन सडका जिथे मिळतात तिथे, बाभळीच्या विरळ सावलीत, गिट्टी फोडीत बसलेला. सीताबाई जाऊन सहा वर्षे झाली होती. तिला खांदा द्यायला जातीचे कोणी आले नाही. त्याने मजुरांच्या ढकलगाडीवर तिला एकट्याने नेले, हे मला तिथल्या चहावाल्याने विचारल्याशिवाय सांगितले. तानबाने मला ओळखले, हातोडी खाली ठेवली, आणि उभा राहिला. ती उभे राहण्याची रीत त्याच्या अंगातून गेली नव्हती. ह्याचे मला समाधान वाटले, आणि त्या समाधानाची किळस दुसऱ्या क्षणी.

"बसा जी," तो म्हणाला, "म्हनलो असतो, पन गोटेच हायेत."

मी उभ्यानेच कागदाचा अर्थ सांगितला. कोरडा चारा, रक्त, जीवनसत्त्व. तो माझ्या तोंडाकडे न पाहता माझ्या पायांकडे पाहत ऐकत होता.

"म्हंजे सीतेचे डोये बी याच्यानंच?"

"ह्यानेच."

"लोन्यात असते थे?"

"असते."

त्याने मान हलवली. मी म्हणाले, "तानबा, गावी चल. गोठा तुझ्या हवाली करते. पूर्वीसारखा."

तेव्हा तो हसला. पुढचे दात पडलेले होते. "बाईसाहेब, सोळा सालात म्या बकरी बी नाई पाळली. तिचं पिलू आंधळं झालं त लोक काय म्हनतीन? याच्या हाताले चीकच हाये म्हनतीन." मग हसू पुसून म्हणाला, "कोठा नोको. मले जातीत मरू द्या. चार खांदे पायजेत, तेवढंच."

गावचे पंच लहानू गोवारी. म्हातारा, एका कानाने बहिरा, आणि मालगुजारी गेल्याचा आनंद न लपवणारा. तानबाला जामहून सोबत आणले होते. लहानूच्या अंगणात मी बाजेवर बसले, तो जमिनीवर. पण ह्या वेळी त्या उंचीचा मला उपयोग नव्हता.

"दावं त कवाचंच सडलं, बाईसाहेब," तो म्हणाला. "थे आता कोन सोडते? आता शबूद पायजे. जिथं जिथं हा हंबरला, तिथं तिथं तुमी बोला. पाची गावात. पारावर उभं राहून. मंग आमी याच्या हातचं पानी घेतो."

"पाच गावे."

"त्यानं पायी केलती. तुमाले गाडी चालन."

बैलगाडीत मी, पुढे लहानू, मागे तानबा पायी. त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. पहिल्या गावच्या पारावर पंधरावीस माणसे जमली. मी उभी राहिले. जन्मात मी माणसांपुढे पुष्कळ बोलले होते. पण ते हुकूम होते, आणि हुकूम देताना ऐकणाऱ्याचा चेहरा पाहावा लागत नाही. मी म्हणाले, "माझ्या हंसीचे वासरू कोरड्या चाऱ्यामुळे जन्मतःच आंधळे होते. तानबाने काही केले नव्हते. मी चुकीने त्याच्यावर आळ घेतला." माणसे ऐकत राहिली. एका बाईने लेकराला विचारावे तसे शेजारणीला विचारले, "चुकीनं म्हंते का?" दुसऱ्या गावी तेच शब्द अधिक सोपे गेले. तिसऱ्या गावी मला तहान लागली, जिभेवर धूळ होती, आणि तरीही शब्द जागच्या जागी आले. 'चुकीने' ह्या शब्दावर मी प्रत्येक वेळी किंचित थांबे, जसा उंबऱ्यावर पाय टेकतो. चौथ्या गावी एक म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, "मोठ्या मनाची बाई हाये." तानबा दूर, कुंपणाला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर मला जे हवे होते ते कुठेच उमटत नव्हते. मला काय हवे होते? मी स्वतःशी म्हणत होते की मी देणे फेडायला आले आहे. पण देणे फेडणाऱ्याने समोरच्याचा चेहरा इतक्या वेळा पाहायचा नसतो.

चौथ्या गावाहून पाचव्याकडे जाताना वाट ओढ्यात उतरते. लहानू पाय मोकळे करायला पुढे गेला होता. तानबा गाडीच्या चाकापाशी आला आणि सोळा वर्षांत प्रथमच माझ्याकडे सरळ पाहून बोलला.

"बाईसाहेब, एक इचारू?"

"विचार."

"थे चुकीनं होतं का?"

मी गाडीच्या दांडीला धरले. बैलाने मान हलवली, जू करकरले.

"म्या तिसऱ्या गावात होतो," तो म्हणाला. "पाराखाली बसलो होतो, गळ्यात दावं. तुमची गाडी आली. तुमचा गाडीवान. गाडीत गोनपाट हाललं. म्या पाह्यलं त वासराचं तोंड वर आलं. रेवासारखं कपाळ. डोये माह्याकडं, पन माह्यावर नाई. मले समजलं. मले बोलाची मनाई होती जी. बोललो असतो त पुरं प्रायश्चित्त फुकट गेलं असतं. म्या हंबरलो. थे बी हंबरलं, बापा. थे मले गायच समजलं." तो थांबला. "गाडी गेली. मंग मले वाटलं, बाईसाहेबाले आता मालूम हाये. आता बलावतीन. चौथ्या गावात वाट पाह्यली. पाचव्यात पाह्यली. तुमच्या दारात सांजेपर्यंत पाह्यली."

"कोणाला सांगितले का नाहीस?"

"कोन आयकलं असतं? माह्यं का तुमचं?"

लहानू ओढ्याच्या वरून हाक मारीत होता. मी गाडीच्या दांडीला धरूनच बसले होते. दहा वर्षांची धवळी, तिची आई, तिची आजी, पणजी, माझ्या चाळीस वर्षांच्या ताठ्याचे ते पांढरे शुभ्र रक्त. त्याच्यावर चढलेले धुवणासारखे पाणी मला पुन्हा दिसले. डॉक्टरांच्या तक्त्यात ह्यासाठी रकाना नव्हता. चार गावांत मी जे बोलले ते सारे खरे होते, कागदाने सिद्ध केलेले होते, आणि त्यातला एक शब्द खोटा होता. तेवढ्या एका शब्दात मी ऐसपैस राहत होते. तो काढला तर माझ्यापाशी काय उरते ते मला ठाऊक होते. 'मोठ्या मनाची बाई' उरत नाही. हंसीच्या रक्ताची बाई उरत नाही. साठीला आलेली एक बाई उरते, जिने हातांत धरून पाहिले आणि नाही म्हटले.

"काय बोलायचं थे तुमी पाहा," तानबा म्हणाला. "चारात काय बोलल्या थे बी पुरे हाये. लहानूजी पानी घेतीन. माह्ये खांदे मले भेटतीन. म्या काई मांगत नाई."

पाचव्या गावच्या पारावर माणसे अधिक होती. वार्ता पुढे गेली होती. पुंडलिकरावाचा एक अशील पहिल्या रांगेत उभा होता, मला नमस्कार करीत. मी पारावर चढले. कोणाचाही हात घेतला नाही. मी म्हणाले, "मागच्या चार गावांत मी सांगितले की चुकीने आळ घेतला. ते खोटे आहे. वासराचे डोळे मी पाहिले होते. ते स्वच्छ होते. चीक पडलेला नाही हे मला त्याच क्षणी कळले होते. चारचौघांत माझ्या गायीच्या रक्ताला नाव ठेवले गेले ते मला सोसले नाही, म्हणून मी ह्या माणसाचे नाव घेतले. हा तिसऱ्या गावात होता तेव्हा माझ्या गोठ्यात दुसरे आंधळे वासरू जन्मले. मी ते लपवले. मी ह्याला परत बोलावू शकत होते. हा माझ्या दारात उभा राहिला तेव्हा मी आत होते, आणि मला सर्व माहीत होते. ह्याची बायको वाळीत मेली. ते माझ्यामुळे."

कोणी मोठ्या मनाची म्हणाले नाही. अशिलाने नमस्काराचे हात खाली केले आणि ते कुठे ठेवावे हे त्याला कळेना. मागच्या बाजूने एक बाई स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाई हाये का राक्शीन?" आणि तिला कोणी गप्प केले नाही. मी पारावर उभी होते. त्या शब्दाने मला आश्चर्य वाटले नाही. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी माझ्याशी थेट बोलले होते.

लहानूने तानबाला खूण केली. तानबाने विहिरीतून पाणी काढले, तांब्या धुतला, पुन्हा धुतला.  लहानू खाली बसला, ओंजळ धरली, आणि सर्वांदेखत तानबाच्या हातचे पाणी प्याला. त्याच्यामागे दुसरा पंच प्याला, मग तिसरा. आवाज येत होता तो घशांचाच. माझा घसा कोरडा होता. मी पार उतरून तानबापर्यंत गेले. मला वाटते मी हात पुढे केला. पाण्यासाठी, किंवा आणखी कशासाठी तरी. मनात कुठेतरी अजून एक जागा होती, जिथे तो गोठ्यात परत येत होता, जिथे तो 'जाऊ द्या जी' म्हणत होता.

तानबाने माझ्या हाताकडे पाहिले. तांब्यात पाणी होते. त्याने ते विहिरीजवळच्या कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतले, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि तांब्या विहिरीच्या काठावर पालथा ठेवला.

"फिटलं, बाईसाहेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. दुसरेही काही नव्हते. "पुरं फिटलं. आता माह्यं तुमच्याकडं काई नाई, अन् तुमचं माह्याकडं काई नाई."

मग तो आपल्या माणसांमध्ये जाऊन बसला, आणि त्यांनी सरकून त्याला जागा दिली.